मालक नसलेल्या टोकनची आगाऊ विक्री : ‘कोणाचाही ताबा नाही’ हे तपासायचे कसे?

वेदगंगाकाठ (निपाणी) यांचा प्रश्न

मी निपाणीतील एका तंबाखूच्या वखारीत बत्तीस वर्षे किर्द-खतावणी लिहिली आणि आता निवृत्त आहे. संगणकाचे माझे ज्ञान बेताचे आहे. परंतु हिशेबाचा कागद हाती आला की शेवटच्या बेरजेपर्यंत वाचल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. अशाच एका कागदामुळे येथे विचारणा करीत आहे.

माझा भाचा बेळगावात उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करतो. गेल्या महिन्यात तो मित्रांबरोबर एका सभागृहातील बैठकीला गेला आणि येताना एका नव्या टोकनची (म्हणजे संगणकावरील नव्या आभासी चलनाची) चाळीस पानी पुस्तिका घेऊन आला. बैठकीत सारे अर्धे मराठीत आणि अर्धे कन्नडमध्ये समजावून सांगण्यात आले म्हणे, पुस्तिका मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत इंग्रजीत आहे. (न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करण्याचा प्रसंग आपल्या सीमाभागात कोणाला आलेला नाही? त्यामुळे कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून ही पुस्तिका मी ओळ न ओळ वाचून घेतली.)

पुस्तिकेप्रमाणे एकूण शंभर कोटी टोकन निघणार आहेत. त्यांपैकी वीस कोटी लोकांना विकायचे असून पहिल्या टप्प्यात चार रुपये, दुसऱ्यात सात रुपये आणि ‘लिस्टिंग’च्या (म्हणजे टोकन खुल्या बाजारात येण्याच्या) दिवशी बारा रुपये भाव राहील, असे चक्क छापलेले आहे. उरलेले ऐंशी कोटी संस्थापक, सल्लागार, प्रसिद्धी आणि ‘इकोसिस्टिम’ अशा चार नावांखाली राखून ठेवले आहेत. तीन माणसे आणणाऱ्याला त्यांच्या रकमेच्या पाच टक्के इतके टोकन वर मिळतात. वक्त्याने पुन्हा पुन्हा सांगितले की यामागे कंपनी नाही, मालक नाही, सगळा हिशेब ब्लॉकचेनवर आहे आणि ब्लॉकचेनवर लिहिलेले कोणालाही खोडता येत नाही.

मी अडखळलो तो येथेच. मालक नाही, तर चार रुपये हा भाव ठरवला कोणी, आणि लोकांनी भरलेले पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात? राखून ठेवलेले ऐंशी कोटी टोकन चार रुपयांच्या भावाने धरले तर 320 कोटी रुपये होतात, आणि त्यापोटी कोणी एक पैसा भरल्याची नोंद पुस्तिकेत कोठेही नाही. माल वखारीत न येता मी जमा बाजूला आकडा टाकला असता, तर शेठजींनी मला त्याच संध्याकाळी घरी बसवले असते.

भाच्याने वीस हजार रुपये भरले आहेत आणि आता माझ्या बहिणीच्या भिशीचे दोन लाख मागतो आहे. ‘सगळे थोतांड आहे’ असे म्हणून मला त्याला गप्प करायचे नाही. तसे म्हटले तर तो ऐकणारही नाही. टोकन घेणाऱ्याला नेमका कसला हक्क मिळतो, आणि ‘मालक नाही’ हे विधान बाहेरच्या माणसाला तपासता येते का, एवढे जाणकारांनी सांगावे.

मलप्रभेचा_उगम (मूळ खानापूर, सध्या बंगळूर)

काका, नमस्कार. मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे आणि या प्रणालींशी कामानिमित्त माझा संबंध येतो. तपासता येते की नाही, हा आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो. तपासता येते, फार अवघडही नाही.

त्या वक्त्याने दोन निरनिराळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे. ब्लॉकचेन म्हणजे अशी किर्द समजा, जिच्या प्रती अनेक कारकुनांकडे आहेत आणि जिच्यात नवी नोंद पडायची तर ठरलेल्या नियमाने त्यांचे एकमत व्हावे लागते. टोकन म्हणजे त्या किर्दीत कोणीतरी उघडलेले एक स्वतंत्र खाते. किर्द इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनची असली आणि तिचे कारकून जगभर पसरलेले असले, तरी या खात्याचे नियम ज्याने लिहिले त्याने स्वतःकडे कोणते अधिकार राखले आहेत, याच्याशी त्या कारकुनांना काही देणेघेणे नसते. नियम जसा लिहिला आहे तसा ते पाळतात, एवढेच.

हे नियम ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ नावाच्या संगणकीय करारात असतात. अशा अनेक करारांत ‘ओनर’ म्हणून एक पत्ता (म्हणजे किर्दीतील खातेक्रमांक) नोंदलेला असतो, आणि त्या पत्त्याची चावी ज्याच्या हाती आहे त्याला आणखी टोकन छापता येतात का, सर्वांचे व्यवहार थांबवता येतात का, एखाद्याचे खाते गोठवता येते का किंवा जुना करार काढून त्या जागी नवा बसवता येतो का, हे करारातच लिहिलेले असते. ‘मालक नाही’ असे सांगणाऱ्याच्या करारात मालकाचे खाते निघावे, हे या धंद्यात नवीन नाही. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावाने निघालेल्या टोकनचा भाव थोड्या दिवसांत 2,800 डॉलरच्या वर गेला आणि मग काही मिनिटांत शून्याला टेकला. दरम्यान सामान्य खरेदीदारांना ते घेता येत होते, पण विकता येत नव्हते. त्या प्रकरणातील प्रत्येक नोंद आजही ब्लॉकचेनवर जशीच्या तशी आहे. कोणीही काहीही खोडलेले नाही.

आता कारकुनांकडे वळू, कारण ताबा एकवटण्याची दुसरी जागा तेथे आहे. तंबाखू पिकवणारे शेतकरी हजारो होते, पण भाव ठरवणारे हात मोजकेच होते, आणि त्याच रागातून 1981 मध्ये निपाणीत महामार्ग अडवला गेला. हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. गर्दी मोठी दिसली म्हणून सत्ता वाटली गेली असे होत नाही. इऑस नावाच्या ब्लॉकचेनने जून 2017 ते जून 2018 अशी वर्षभर टोकन विकून सुमारे चार अब्ज डॉलर गोळा केले. तिची किर्द लिहिण्याचा अधिकार एका वेळी फक्त 21 जणांकडे होता, आणि प्रणाली सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच त्यांनी आपसांत ठरवून सात खाती गोठवली. चोरीचा माल अडवण्यासाठी ते केले, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेही असेल. पण ज्यांना गोठवता येते त्यांचा ताबा नाही, असे कसे म्हणायचे?

रोनिन या ब्लॉकचेनचे उदाहरण याहून बोलके आहे. तिच्यातून पैसे बाहेर नेण्याच्या पुलाला नऊ राखणदार होते आणि कोणत्याही पाचांची सही पुरत असे. त्या नवांपैकी चार चाव्या एकाच कंपनीकडे होत्या, आणि पाचवी जिच्याकडे होती त्या संस्थेने आपल्या वतीने सही करण्याची मुभा पूर्वी कधीतरी याच कंपनीला दिली होती. ती परत घ्यायची राहून गेली. मार्च 2022 मध्ये चोरांना एकच घर फोडावे लागले. 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली आणि ती गेल्याचे सहा दिवस कोणाच्या ध्यानातही आले नाही. कागदावर नऊ, प्रत्यक्षात एक. आपण हिशेबनीस आहात, ‘पाच संचालक आणि सही एकाची’ हा प्रकार आपण पाहिलेला असेल.

आपल्या पुस्तिकेतील ऐंशी-वीसच्या वाटणीबद्दल थोडे सांगतो. हे प्रमाण विरळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने 17 जानेवारी 2025 रोजी निघालेल्या टोकनमध्येही शंभर कोटींपैकी वीस कोटीच आरंभी खुले केले होते आणि ऐंशी कोटी त्यांच्याशी संबंधित दोन कंपन्यांकडे होते. बाजारात थोडेच टोकन फिरत असले की थोड्या पैशातही भाव चढवता येतो, तो चढलेला भाव शंभर कोटींना गुणून ‘एकूण मूल्य’ म्हणून मिरवता येतो, आणि राखीव साठ्याचे कुलूप उघडले की विकणारे तेच असतात. म्हणून ते ऐंशी कोटी केव्हा, किती आणि कोणाच्या सहीने मोकळे होणार, हे ज्या पानावर असेल ते पान त्या मुलीकडून पुन्हा वाचून घ्या. तसे पानच नसेल तर तेही उत्तरच आहे.

तपासण्यासाठी एकच गोष्ट मागा : कराराचा पत्ता. शून्य आणि एक्सने सुरू होणारी ती लांबलचक अक्षरमालिका मिळाली की एक्सप्लोरर नावाच्या मोफत संकेतस्थळावर करार वाचता येतो आणि मोठे धारक कोण हेही दिसते. येथे एक सावधगिरी बाळगावी. पत्ते म्हणजे माणसे नव्हेत. एकच माणूस शंभर पत्ते उघडू शकतो, आणि उलट एक्स्चेंजच्या (टोकनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या संस्थेच्या) एकाच पत्त्यावर हजारो ग्राहकांचा माल असू शकतो. त्यामुळे धारकांची मोठी संख्या दाखवून कोणी विकेंद्रीकरण सिद्ध करू लागला, तर मान डोलावू नये. आपल्याला पत्ता मिळाल्यास मला कळवा, मी वाचून सांगतो.

कॅम्पातला_वाचक (बेळगाव)

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, परंतु ते वाचून सर्वच क्रिप्टो एका माळेचे मणी आहेत असा समज होईल. बिटकॉइन जानेवारी 2009 मध्ये सुरू झाले तेव्हा आगाऊ विक्री झाली नव्हती, कोणासाठी ऐंशी टक्के राखून ठेवले नव्हते आणि 2 कोटी 10 लाखांची मर्यादा पहिल्यापासून सर्वांना ठाऊक आहे. दुसरे असे की टोकनची आगाऊ विक्री म्हणजे लबाडीच, हेही खरे नाही. इथेरियमने स्वतः 2014 च्या उन्हाळ्यात सुमारे सहा कोटी इथर (इथेरियमचे स्वतःचे चलन) आगाऊ विकून सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर उभे केले आणि पुढच्या वर्षी जुलैत चालती प्रणाली लोकांपुढे ठेवली. एका ठगामुळे संपूर्ण तंत्रज्ञानावर काट मारणे योग्य नव्हे.

मलप्रभेचा_उगम

आपला आक्षेप मी मान्य करतो. इथेरियमच्या विक्रीत खरेदीदारांसाठी सहा कोटी होते आणि संस्था व आरंभीचे सहकारी यांच्यासाठी सुमारे 1 कोटी 20 लाख. म्हणजे प्रमाण निपाणीच्या पुस्तिकेच्या जवळजवळ उलट होते. बिटकॉइनबद्दलही आपले म्हणणे बरोबर आहे, मात्र तेथेही ताबा एकवटण्याची वेळ आली होती. जून 2014 मध्ये जीहॅश नावाच्या एकाच ‘मायनिंग पूल’कडे (किर्द लिहिण्यासाठी आपले संगणक एकत्र जोडणाऱ्यांच्या गटाकडे) एकूण संगणकशक्तीचा निम्म्याहून अधिक वाटा काही काळ गेला होता. लोक घाबरून तेथून बाहेर पडले म्हणून तो उतरला. तसे होण्यास भाग पाडणारा कोणताही नियम प्रणालीत नव्हता.

इथेरियमच्या इतिहासातला 2016 चा प्रसंगही विसरता येत नाही. ‘द डाओ’ या सामायिक निधीतून जूनमध्ये सुमारे 36 लाख इथर काढून घेण्यात आले, आणि जुलैमध्ये बहुसंख्यांनी किर्द फिरवून ते मूळ खातेदारांना परत मिळतील अशी व्यवस्था केली. ज्यांना हे पटले नाही त्यांनी जुनी किर्द पुढे चालू ठेवली. तीच आजची इथेरियम क्लासिक. मला व्यक्तिशः तो निर्णय चुकीचा वाटत नाही. परंतु ‘कोणालाही खोडता येत नाही’ हे वाक्य सभागृहात उच्चारण्यापूर्वी त्या वक्त्याने हा प्रसंग वाचायला हवा होता. पुरेशी माणसे एकत्र आली की खोडता येते. प्रश्न एवढाच उरतो की ‘पुरेशी’ म्हणजे पाच, एकवीस की काही हजार.

शहापूर_करसल्लागार

मी बेळगावात करसल्लागार म्हणून व्यवसाय करतो. टोकन घेणाऱ्याला कसला हक्क मिळतो, या आपल्या पहिल्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून त्यापुरते लिहितो.

शेअर घेतला तर कंपनीच्या नफ्यात व मतदानात वाटा मिळतो, ठेव ठेवली तर मुद्दल परत मागण्याचा हक्क मिळतो. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. (पतसंस्थांना ते नाही, आणि हे आपल्या भागातील किती ठेवीदारांना माहीत आहे याची मला शंकाच आहे.) आगाऊ विकल्या जाणाऱ्या टोकनमध्ये बहुतेक वेळा यांपैकी काहीही नसते. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात ‘हे टोकन म्हणजे गुंतवणूक नव्हे, यात कसलाही मालकी हक्क नाही’ अशा अर्थाचा मजकूर बहुधा सापडेल. बैठकीत गुंतवणूक म्हणून विकायचे आणि कागदावर गुंतवणूक नाही म्हणून लिहून ठेवायचे, अशी ही दुहेरी मांडणी असते.

न्यायालयांना ही मांडणी नवी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 मध्ये फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांचे एक प्रकरण निकाली काढले होते. बागेचे तुकडे गिऱ्हाइकांना विकायचे, मशागत स्वतःच करायची आणि उत्पन्न वाटून द्यायचे, असा तो व्यवहार होता. दिसायला जमीनखरेदी, पण दुसऱ्याच्या कष्टातून नफा मिळेल या आशेने सामायिक उपक्रमात घातलेला पैसा, म्हणून ती गुंतवणूकच, असे न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या योजना निघाल्या होत्या, त्या आठवत असतील. त्यांना आवरण्यासाठी सेबीला 1999 मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम करावे लागले. संत्र्याच्या त्याच कसोटीवर 2019 मध्ये टेलिग्राम कंपनीची टोकन योजना अडवली गेली आणि 1.7 अब्ज डॉलर गोळा केलेल्या त्या कंपनीला पुढच्या वर्षी गुंतवणूकदारांना 1.2 अब्ज डॉलर परत करण्याचे मान्य करावे लागले.

भारतातील स्थितीविषयी बैठकांमधून हमखास सांगितले जाणारे वाक्य असे, की ‘सरकार कर घेते, म्हणजे मान्यता आहे’. हे साफ चुकीचे आहे. 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून हस्तांतरावर एक टक्का टीडीएस; एका टोकनमधील तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. कर लागतो तो उत्पन्नावर, आणि त्यामुळे योजनेला कोणाचे प्रमाणपत्र मिळत नाही. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे क्रिप्टोविषयीचे 2018 चे परिपत्रक रद्द केले, तेही बँकसेवा नाकारण्यापुरते होते. त्यातून कोणत्याही टोकनच्या खरेपणाची ग्वाही निघत नाही.

साखळीने माणसे जोडायला लावणाऱ्या योजनांचा एक दाखला आपल्या अगदी जवळचा आहे. गेनबिटकॉइन या योजनेत दरमहा दहा टक्के आणि तेही अठरा महिने, असा बिटकॉइनमधील परतावा कबूल केला होता. पुण्यात गुन्हे नोंदले गेले, 2018 मध्ये मुख्य आरोपीला अटक झाली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. नव्या लोकांचे पैसे आटू लागल्यावर देणी बिटकॉइनऐवजी चालकांच्या स्वतःच्याच एका टोकनमध्ये भागवण्यात येऊ लागली. स्वतः छापलेल्या चिठ्ठीने स्वतःचे देणे फेडण्याची ही सोय ज्याच्या हाती असते, त्याला मालक म्हणायचे की नाही हे काकांनी ठरवावे.

हिरण्यकेशी_तीर (संकेश्वर)

काका, मी शिकवण्या घेते. 2021 मध्ये ओळखीतल्याच एका बाईंच्या सांगण्यावरून मी अशाच एका टोकनमध्ये पंचेचाळीस हजार रुपये घातले होते. अ‍ॅपवर माझी रक्कम वाढत वाढत दोन लाखांपर्यंत दिसत होती आणि मी ती रोज रात्री उघडून पाहत असे. काढायला गेले तेव्हा आधी ‘कर’ म्हणून अठरा हजार भरा असे सांगण्यात आले. ते मी भरले नाहीत. माझ्याबरोबरच्या दोघींनी भरले आणि त्यांचेही गेले. ज्यांनी मला त्यात आणले त्या बाईंचे सगळ्यांत जास्त गेले. आजही त्या समोरून आल्या की रस्ता बदलतात. भाच्याला एवढेच सांगा की पहिले पाचशे रुपये खरोखर बँकेत परत आणून दाखव, मग भिशीचे बोलू.

वेदगंगाकाठ

सर्वांचा आभारी आहे. चार दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात बेळगावला जाऊन आलो.

कराराचा पत्ता मागितला तेव्हा भाच्याला ज्यांनी जोडले त्या गृहस्थांनी आधी ‘काका, ते तांत्रिक असते’ असे सांगितले. मी हटलो नाही, तेव्हा म्हणाले की करार अजून तयार व्हायचा आहे, लिस्टिंगच्या दिवशी तो ब्लॉकचेनवर चढेल. म्हणजे पहिल्या टप्प्याची विक्री ज्या किर्दीच्या नावाने चालली आहे, ती किर्दच अजून उघडलेली नाही. भाच्याच्या फोनवर पाच हजार टोकन दिसतात, ते त्यांच्याच अ‍ॅपने लिहिलेले आहेत. पाचशे रुपये काढून पाहण्याचा प्रयोगही केला. ‘लॉक-इन सुरू आहे’ एवढेच उत्तर आले. वीस हजारांची रक्कम यूपीआयने भरली होती, ती कोणत्याही संस्थेच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेलेली आहे. बारीक अक्षरांतील मजकूर करसल्लागारांनी म्हटल्याप्रमाणे अडतिसाव्या पानावर सापडला. कुलूप केव्हा उघडणार ते सांगणारे पान मात्र नाही.

भिशीचे पैसे बहिणीने दिलेले नाहीत. भाचा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. वीस हजारांचे दुःख असेल असे मला वाटले होते. काल रात्री त्याने सांगितले की फाउंड्रीतील दोघांना त्यानेच जोडले आहे आणि त्यांचे मिळून साठ हजार आहेत.

मलप्रभेचा_उगम

काका, ज्याचा करार अस्तित्वातच नाही त्याचे केंद्रीकरण तपासण्याचा प्रश्न उरत नाही. तो साऱ्याचा सारा एका माणसाच्या अ‍ॅपमध्ये आहे. 2017 मध्ये जिची सूत्रधार नाहीशी झाली त्या वनकॉइन या टोकन योजनेचेही असेच होते, खरी ब्लॉकचेन नव्हतीच. आता वेळ दवडू नये. तिघांच्याही यूपीआय व्यवहारांचे क्रमांक, अ‍ॅपच्या पडद्यांची छायाचित्रे, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि पुस्तिका जपून ठेवा, सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लेखी कळवा. त्या गृहस्थांना याची आगाऊ कल्पना देऊ नका.

शहापूर_करसल्लागार

यात एक भर घालतो. ठरावीक भावाची हमी देऊन लोकांकडून रकमा घेतल्या गेल्या असतील तर कर्नाटकाचा ठेवीदार संरक्षणाचा 2004 चा कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा लागू होतो का, हे वकिलांकडून तपासून घ्यावे. त्या दृष्टीने ‘लिस्टिंगच्या दिवशी बारा रुपये’ हे छापील वाक्य महत्त्वाचे आहे. ते पान फाटू देऊ नका.

वेदगंगाकाठ

1930 वर काल सायंकाळी तक्रार नोंदवली आणि क्रमांक मिळाला. बोलणे कन्नडमध्ये झाले, भाच्याचे कन्नड चांगले आहे. फाउंड्रीतील त्या दोघांना काय झाले ते त्याने स्वतः जाऊन सांगितले. एकाने त्याच्याशी भांडण केले, दुसरा गप्प राहिला. सोमवारी सकाळच्या एसटीने मी पुस्तिका घेऊन बेळगावला जात आहे, आणि दोघेही आपापल्या पावत्या घेऊन बँकेच्या दारात भेटणार आहेत.